'गोळ्या सोसतील का?' या प्रश्नामागचा इतिहास

कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये, म्हणजे जुन्या माणसांच्या थोरल्या दवाखान्यात, एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या, सुरू करायची म्हटलं की घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो, "गोळ्या सोसतील का?" गाल बसतात, रक्त आटतं, पायांची आग होते, असं कुणाकडून तरी कानावर आलेलं असतं. ते खोटं नाही. पण ज्या गोळ्यांची ही कीर्ती, त्यातली मुख्य गोळी, स्टॅव्हुडिन, केव्हाच बंद झाली आहे.

एचआयव्हीवरचं पहिलं औषध झिडोव्हुडिन. अमेरिकेत १९८७ साली त्याला मान्यता मिळाली, तेव्हा डोस आजच्यापेक्षा बराच मोठा होता आणि रक्तक्षय ठरलेला. १९९६च्या सुमारास तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली नि माणसं जगू लागली, पण आपल्याकडे तो खर्च कुणाला परवडणार? २००१ साली सिप्लाने स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन एकाच गोळीत घातली आणि सेवाभावी संस्थांना ती वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत उपचार सुरू केले. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता.

यातली स्टॅव्हुडिन स्वस्त होती, आणि झिडोव्हुडिनसारखी ती रक्त कमी करत नसे. अंगात मुळातच रक्त कमी असलेल्यांना दुसरं द्यायचं तरी काय? सुरुवातीचे महिने छान जात. वजन वाढे, माणूस उसाच्या फडात किंवा इचलकरंजीच्या मागावर परत उभा राही. मग हळूहळू तळपाय जळायला लागत, मुंग्या येत, पायातून चप्पल निसटली तरी कळत नसे. हे औषध पेशींमधल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागालाच, मायटोकॉन्ड्रियाला, धक्का लावतं. त्यामुळे नसा जातात, चेहऱ्यावरची आणि हातापायांची चरबी झडते. क्वचित रक्तात लॅक्टिक आम्ल साठतं. उलट्या, पोटदुखी, धाप अशी साधी वाटणारी लक्षणं, आणि जिवावर बेतलेलं. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्यांसाठी डोस ४० वरून ३० मिलिग्रॅमवर आणायला सांगितला, २००९ साली औषधच टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. विषाणूपुढे ते कमी पडलं म्हणून नव्हे. माणसाला सोसेना म्हणून.

नेव्हिरापिनची तऱ्हा उलटी. धोका पहिल्या काही आठवड्यांतच: अंगावर पुरळ, कधी कातडी सोलून तोंड-डोळे पोळणारा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, नाहीतर यकृताला जबर इजा. म्हणून पहिले १४ दिवस दिवसाला एकच गोळी, मग दोन. चमत्कारिक गोष्ट अशी की तब्येत बरी असणाऱ्यालाच यकृताचा धोका जास्त: बाईचा सीडी-४ आकडा, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींची मोजणी, २५० च्या वर, पुरुषाचा ४०० च्या वर असेल तर. आकडा २०० च्या खाली गेल्यावरच उपचार सुरू होत, तोवर हे फारसं आड आलं नाही. उपचार सुरू करण्याची ही मर्यादा ३५० वर गेली, तेव्हा बायकांच्या बाबतीत जपावं लागलं.

दोष कुठल्या गोळीचा, हे ओळखणं तर आणखी अवघड. बरोबरीने टीबीचा कोर्स चालू असायचा. त्यातली आयसोनियाझिडही नसांवर परिणाम करते, आणि संसर्ग टाळण्यासाठी दिलेल्या कोट्रायमोक्सॅझोलनेही पुरळ उठतं. रुग्ण मात्र सगळं 'त्या' गोळ्यांच्या नावावर टाकून मोकळा होई, नि मनानेच बंद करी. औषध मध्येच सोडलं की विषाणू त्याला दाद देईनासा होतो.

दुष्परिणाम मोजायला चार पायऱ्या आहेत. तिसरी म्हणजे गंभीर: दोष असलेलं औषध बदलायचं, बाकीचे चालू ठेवायचे. चौथी जिवाला धोक्याची: सगळंच थांबवून आधी माणूस सावरायचा. अशा घटनांची देशपातळीवरची नोंद २०१० पासून भारतीय औषधदक्षता कार्यक्रमात होते. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णही कळवू शकतो, हे कितीजणांना माहीत असेल देव जाणे.

पुढे टेनोफोव्हिर आलं, मूत्रपिंडावर लक्ष ठेवायला लावणारं. त्याच्या जोडीला एफाव्हिरेन्झ, चक्कर आणि विचित्र स्वप्नांचं. २०२० नंतर टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर एकत्र असलेली टीएलडी गोळी रूढ झाली. आता तक्रारी झोपेच्या, वाढत्या वजनाच्या, क्वचित साखरेच्या.

स्टॅव्हुडिनने गेलेली गालांची चरबी मात्र औषध बदलल्यावरही पुरती भरून येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत ज्यांनी ती गोळी घेतली, त्यांतल्या काहींचे गाल आजही तसेच आहेत, आणि नवा रुग्ण केंद्राच्या बाकावर त्यांच्याच शेजारी बसतो.