पंक्तिसेवा: ख्रिस्ती मंडळीतल्या सेवेची पार्श्वभूमी

यरुशलेममधल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुरकुर सुरू झाली ती अन्न वाढण्यावरून. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवा राहून जातात, असं गाऱ्हाणं होतं. बायबलच्या नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ते नोंदलेलं आहे. बारा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, सगळ्यांना बोलावलं. देवाचं वचन बाजूला ठेवून आपण पंक्तिसेवा करत बसावं हे ठीक नाही, असं सांगून त्यांनी या कामासाठी सात जण निवडायला लावले. सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप दिलं गेलं. हा शहाणपणा पुढच्या दोन हजार वर्षांत फार थोड्या समित्यांना सुचला.

‘पंक्तिसेवा’ हा मराठी बायबलमधला शब्द. मूळ ग्रीकमध्ये अन्नवाटपाला ‘दियाकोनिया’ म्हटलंय, आणि थोडंच पुढे वचनाच्या सेवेलाही तोच शब्द आहे. भाषांतरात हे जुळेपण सहसा हरवतं आणि मग वाचणाऱ्याला वाटतं, की प्रवचन हे वरचं काम आणि वाढपी खालचा. त्याच पुस्तकात पुढे काय होतं ते पाहावं. सातांपैकी स्तेफन यहुदी न्यायसभेपुढे लांबलचक भाषण करतो आणि दगडमार सोसून मरतो. फिलिप्प शोमरोनात जाऊन सुवार्ता सांगतो. वाढायला नेमलेली माणसं बोलायला लागली, आणि मंडळीतल्या कोणी त्यांना अडवलं नाही.

उपासना आणि मदत सुरुवातीला किती चिकटून होत्या हे दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टिर याच्या लिखाणात दिसतं. साधारण इ. स. १५५ मध्ये, रोमन सम्राटाला उद्देशून लिहिताना, तो रविवारची सभा कशी चालते ते सांगतो. वाचन होतं, उपदेश होतो, प्रार्थना होते, भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा डीकन, म्हणजे ‘दियाकोनिया’ करायला नेमलेले सेवक, त्यांच्या घरी नेऊन देतात. ज्यांच्याजवळ आहे ते आपल्या मर्जीने देतात. ती जमा सभेच्या प्रमुखाकडे राहते, आणि अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परके यांची सोय त्यातून होते. सगळं एकाच परिच्छेदात. भाकर कुठे संपली आणि मदत कुठे सुरू झाली याची रेघ जस्टिन ओढत नाही. शंभर वर्षांनी, २५१ च्या सुमारास, रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात आपल्या मंडळीचा हिशेब देतो: ४६ वडील (म्हणजे धर्मगुरू), ७ डीकन, आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या दीड हजारांहून जास्त विधवा आणि गरजू. डीकनांचा आकडा सातच का, हे वेगळं सांगायला नको.

चौथ्या शतकात राजाश्रय मिळाला आणि काम इमारतींत गेलं. बिशप बेसिलने ३७२ च्या आसपास आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरिया शहराच्या वेशीबाहेर आजारी, वाटसरू आणि महारोगी यांच्यासाठी एवढी मोठी वस्ती उभी केली, की त्याचा मित्र ग्रेगरी तिला नवं नगरच म्हणाला. त्याआधी दहाएक वर्षं, जुन्या देवांकडे परतलेला सम्राट ज्युलियन याच्या नावच्या एका पत्रात चडफडाट आहे: हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक त्यांचे गरीब तर पोसतातच, आपलेही पोसतात. विरोधकाने दिलेलं हे प्रशस्तिपत्र ख्रिस्ती लेखकांनी तेव्हापासून मिरवलं आहे.

पण इमारतींबरोबर एक गोष्ट निसटली. मदत ही नेमलेल्यांची झाली. बाकीच्यांनी पैसे द्यायचे. डीकन हे पद हळूहळू धर्मगुरू होण्याच्या वाटेवरची पायरी बनलं आणि त्याचं काम बरंचसं वेदीभोवती राहिलं. वाढपी गेला, वस्त्रं उरली. मठांत मात्र जुनी आठवण टिकली. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमावलीचं पस्तिसावं प्रकरण सबंध स्वयंपाकघराच्या पाळीबद्दल आहे. आठवडा संपला की पाळी संपलेल्याने हातपाय पुसायचे पंचे धुवायचे, नव्या पाळीवाल्याला बरोबर घेऊन सगळ्यांचे पाय धुवायचे आणि भांडी स्वच्छ आणि धड परत करायची. वाढणाऱ्यांना जेवणाआधी थोडी भाकर आणि पेय जास्तीचं द्यावं, म्हणजे ते कुरकुर न करता सेवा करतील, असंही त्यात आहे. उपाशीपोटी वाढणारा माणूस कुरकुरतो, हे बेनेडिक्टला पक्कं ठाऊक होतं.

सोळाव्या शतकात, प्रॉटेस्टंट पंथ ज्यातून निघाले त्या धर्मसुधारणेच्या काळात, प्रश्न पुन्हा मंडळीसमोर आला. मठ बंद होत होते, त्यांची मिळकत मोकळी होत होती आणि गरीब तर होतेच. जर्मनीतल्या लाइस्निग या गावाने १५२३ मध्ये ‘सामाईक पेटी’ची व्यवस्था केली आणि मार्टिन ल्यूथरने तिला प्रस्तावना लिहिली. त्या पेटीला चार कुलपं होती. एक किल्ली सरदारांकडे, एक नगरसभेकडे, एक गावातल्या नागरिकांकडे, एक आसपासच्या शेतकऱ्यांकडे. चौघे आल्याशिवाय पेटी उघडायची नाही. मला ही चार कुलपं प्रस्तावनेपेक्षा जास्त बोलकी वाटतात. जिनेव्हात धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या १५४१ च्या नियमांनी डीकनांना त्यांचं जुनं काम परत दिलं: काहींनी निधी सांभाळायचा, काहींनी आजाऱ्यांची शुश्रूषा करायची.

कॅथलिक बाजूला सगळ्यात रंजक प्रसंग १६१७ चा, फ्रान्समधल्या शातियाँ गावचा. एक अख्खं घर आजारी पडलंय, असं रविवारच्या उपासनेआधी तिथल्या धर्मगुरूला, व्हिन्सेंट द पॉलला, कळलं. त्याने ते प्रवचनात सांगितलं. दुपारी तो तिकडे निघाला तर रस्ता अन्न घेऊन जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांनी भरलेला. व्हिन्सेंट खूश झाला आणि लगेच अस्वस्थही झाला: आज एवढं गेलं की त्यातलं नासणार, आणि आठवड्याने ते घर पुन्हा उपाशी. भलेपणा होता, घडी नव्हती. त्याने गावातल्या बायकांचं मंडळ बांधलं आणि नियम लिहून दिले. रोज एकीची पाळी. तिने अन्न शिजवून आजाऱ्यापर्यंत न्यायचं, गोड बोलून चार घास खायला लावायचे. ज्याच्याजवळ घरचं कोणी आहे त्याच्यापासून सुरुवात करायची आणि ज्याला कोणी नाही त्याच्याकडे शेवटी जायचं, म्हणजे तिथे जास्त वेळ बसता येतं. मंडळीतल्या सेवेवरचा इतका व्यवहारी मजकूर मी दुसरा वाचलेला नाही. याच कामातून १६३३ मध्ये लुईझ द मारियाक यांच्यासह ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा भगिनींचा संघ उभा राहिला.

एकोणिसाव्या शतकात कारखान्यांची शहरं फुगली आणि संस्थांचं पेव फुटलं. हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्नने १८३३ मध्ये निराधार मुलांसाठी घर काढलं. नाताळ कधी येणार म्हणून मुलं रोज भंडावायची, तेव्हा १८३९ मध्ये त्याने लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोज एक पेटवायची. आगमनकाळात चर्चमध्ये दिसणारं ते मेणबत्त्यांचं वर्तुळ तिथून आलं. थिओडोर फ्लिडनरने १८३६ मध्ये कायझर्सव्हेर्टला स्त्रियांची डीकनपदाची परंपरा नव्या रूपात सुरू केली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये तिथे शिकायला गेली होती. विल्यम आणि कॅथरीन बूथ यांनी १८६५ मध्ये लंडनच्या पूर्व भागात सुरू केलेल्या कामाला १८७८ मध्ये ‘साल्व्हेशन आर्मी’ हे नाव मिळालं.

या सगळ्याला काळी बाजू आहे आणि ती तळटीपेत ढकलण्याजोगी नाही. ज्याला वाढायचं त्याच्यावर सत्ता चालवायची, हे सेवेच्याच नावाने झालं. आयर्लंडमध्ये धर्मभगिनींनी चालवलेल्या मॅग्डलेन धुलाईगृहांत स्त्रिया बिनपगारी राबल्या. कॅनडात चर्चनी चालवलेल्या निवासी शाळांनी आदिवासी मुलांची भाषा आणि घर तोडलं. कॅनडा सरकारने २००८ मध्ये आणि आयर्लंडने २०१३ मध्ये माफी मागितली. विधवांचं गाऱ्हाणं ऐकून घेणारी यरुशलेमची सभा इथे कुठेच नव्हती.

विसाव्या शतकात प्रॉटेस्टंटांत पुन्हा दोन तट पडले: एक म्हणे आधी सुवार्ता, दुसरा म्हणे आधी न्याय आणि भाकर. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे झालेल्या परिषदेच्या १९७४ च्या करारात सुवार्ताप्रसाराच्या बाजूच्या पुढाऱ्यांनी दोन्ही आपलं कर्तव्य असल्याचं मान्य केलं आणि दोन्हींना एकमेकांविरुद्ध उभं केल्याबद्दल पश्चात्तापही लिहून ठेवला. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६७ मध्ये, कायमच्या डीकनपदाचे नियम घालून दिले. विवाहित पुरुषालाही ते मिळतं. आठवडाभर नोकरी करणारा असा डीकन रविवारी वेदीजवळ उभा राहतो, आणि मिस्साच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या उपासनेच्या, शेवटी लोकांना ‘आता जा’ असं तोच सांगतो.