लोणार जगात तिसरं? नाही, पण मोल वेगळंच आहे

‘लोणार हे जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं उल्काविवर’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते चूक आहे. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. दक्षिण आफ्रिकेतलं व्रेडफोर्ट मुळात २५० ते ३०० किलोमीटर रुंद असावं, मेक्सिकोतलं चिक्षुलुब सुमारे १८०. लांब कशाला जायचं, मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातलं ढाला विवरच ११ किलोमीटरचं आहे. फक्त ते इतकं झिजलंय की तिथे उभं राहून खड्डा जाणवत नाही.

‘बेसाल्टमधलं (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकातलं) एकमेव’ हा दावाही टिकत नाही. ब्राझीलमध्ये बेसाल्टच्या थरांत झालेली याहून मोठी विवरं आहेत, पण तीही बरीच झिजलेली.

लोणारचं खरं मोल त्याच्या शाबूत राहण्यात आहे. काठ अजून उचललेला दिसतो, काठावरचे थर बाहेरच्या बाजूला कललेत आणि उडालेला मलबा भोवती पसरलाय. चंद्र-मंगळावरची अनेक विवरंही बेसाल्टमध्ये झालेली, म्हणून अभ्यासक इथे येतात.

लोणार ज्वालामुखीमुळे झालं हा जुना तर्क मागे पडला तो इथल्या मास्केलिनाइटमुळे. प्रचंड धक्क्याने खडकातलं फेल्डस्पार हे खनिज न वितळताच काचेसारखं होतं, तेच मास्केलिनाइट. तेवढा दाब ज्वालामुखीत तयार होत नाही.

‘५२ हजार वर्षं’ हा लोणारच्या वयाचा आकडाही जपून वापरावा. तो थर्मोल्युमिनेसन्सचा (तापवलेलं खनिज जो प्रकाश देतं त्यावरून काढलेला), खडकात साचलेला आर्गॉन वायू मोजण्याच्या पद्धतीने वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं येतं.