माळ 'पडीक' कसा ठरला: इकॉलॉजी या शास्त्राची पार्श्वभूमी

बालाघाटच्या माथ्यावरचा एखादा माळ घ्या. वर चार बोटे माती, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक. पाऊस साधारण 600 ते 800 मिलिमीटर, तोही चार महिन्यांत आणि मध्ये मोठी उघडीप देऊन. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद पोटखराब, नाहीतर गायरान. देवणी आणि लाल कंधारी जनावरे, उस्मानाबादी शेळ्या ज्या गवतावर पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या, त्या गवताला या कागदात जागा नाही. महसूल खात्याचा प्रश्न पीक येते की नाही एवढाच होता, त्यामुळे ती नोंद समजू शकते. पण झाड नाही म्हणजे जमीन बिघडलेली, हा समज शास्त्रानेही बराच काळ पोसला. तो कसा आला हे पाहायचे तर इकॉलॉजीच्या, म्हणजे परिसरविज्ञानाच्या जन्माकडे जावे लागते.

नाव 1866 चे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल याने 'ओइकोस', म्हणजे घर, या ग्रीक शब्दावरून ते घडवले. बीज त्याहून जुने होते. 1802 मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुंबोल्ट दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो ज्वालामुखीवर चढला आणि उंचीबरोबर वनस्पतींचे पट्टे कसे बदलतात हे त्याने टिपले. 1895 मध्ये डेन्मार्कच्या वार्मिंगने वनस्पतींच्या समूहांचा ग्रंथ लिहिला. 1899 मध्ये अमेरिकेत काउल्सने मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्या अभ्यासल्या. पाण्यापासून जितके दूर जावे तितकी टेकडी जुनी. म्हणजे काठापासून आत चालत गेले की शेकडो वर्षांचा बदल ओळीने दिसतो. या बदलाला अनुक्रमण म्हणतात.

1916 मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेमेंट्सने याच कल्पनेवर मोठी इमारत उभारली. हवामान जसे, तसा त्या प्रदेशाचा एकच अंतिम वनस्पतीसमूह ठरलेला. त्याला चरमावस्था म्हणायचे, आणि समूह म्हणजे जणू वाढणारा एक देह. ग्लीसनने 1926 मध्ये हरकत घेतली: प्रत्येक जाती आपल्या कुवतीने आणि योगायोगाने येते, समूह काही एकसंध देह नव्हे. त्याचे म्हणणे पटायला पुढे दशके गेली, आणि तोवर क्लेमेंट्सची चौकट जगभर पोचली होती. भारतात 1936 मध्ये ब्रिटिश वनाधिकारी चॅम्पियनने वनप्रकारांची मांडणी केली आणि 1968 मध्ये सेठ यांच्यासह ती सुधारली. 1973 मध्ये दाबडघाव व शंकरनारायण यांनी देशातल्या गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार पाडले. दख्खनच्या पठारावर येतो तो शेडा आणि मारवेल या चाऱ्याच्या गवतांचा प्रकार. काम मोलाचे आहे, पण गवत म्हणजे चराईने आणि वणव्याने अडवून धरलेली, जंगलाच्या अलीकडची पायरी, हे गृहीत त्यातही राहिले.

दुसरा धागा प्राण्यांचा आणि ऊर्जेचा. एल्टनने 1927 मध्ये अन्नसाखळी मांडली. टॅन्सलीने 1935 मध्ये क्लेमेंट्सच्या 'देह' कल्पनेशी वाद घालतानाच परिसंस्था हा शब्द आणला आणि माती-पाणी-हवाही हिशेबात घेतली. लिंडेमनने 1942 मध्ये एका छोट्या तळ्यावरून एका पायरीकडून दुसरीकडे किती ऊर्जा जाते ते मोजले. साधारण दहावा हिस्सा, असे पाठ्यपुस्तके सांगतात. प्रत्यक्षात तो ठिकाणानुसार बराच कमीजास्त होतो. म्हणूनच गवत भरपूर, काळवीट मोजके आणि लांडगे विरळ.

भारतात मोजणीची शिस्त रुजवण्यात बनारस हिंदू विद्यापीठाच्या रामदेव मिश्रांचा वाटा मोठा. साधन साधे: काठ्यांची चौकट. गवतासाठी 1 मीटर × 1 मीटर, झुडपांसाठी 5 × 5, झाडांसाठी 10 × 10. योग्य आकार ठरवताना 25 सेंटिमीटर बाजूपासून सुरुवात करून चौकट दुप्पट करत न्यायची. नव्या जाती सापडणे जवळपास थांबले की तो आकार पुरे. मग 20 चौकटींपैकी 12 मध्ये मारवेल दिसले तर वारंवारता 60 टक्के. त्या 20 चौकटींत मिळून 54 थोंब, म्हणजे गवताचे झुबके, भरले तर घनता चौरस मीटरला 2.7.

चुका इथेच होतात. चौकट नजरेला बरे दिसेल तिथे टाकली की आकडे फुगतात. जागा आधी चिठ्ठ्यांनी ठरवाव्यात. काही गवते पेरांना मुळे फोडत पसरतात, तिथे थोंब मोजणे निरर्थक. जमीन किती टक्के झाकली ते मोजावे. आणि गवत ओळखायचे ते तुऱ्यावरून, म्हणून मोजणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. उन्हाळ्यात गेलात तर माळ उजाडच दिसणार आणि 'पडीक' हा शेरा आपोआप पडणार.

आज क्लेमेंट्सचे गृहीत ढासळले आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतल्या जुन्या मातीतल्या कार्बनवरून दिसते की उष्ण प्रदेशातली गवते 70-80 लाख वर्षांपूर्वीच तिथे पसरली होती; शेती आणि कुऱ्हाड त्यानंतर कितीतरी उशिरा आली. दख्खनचे विरळ झाडांचे माळही जुने असल्याचे पुरावे आता पुढे येत आहेत. कागद मात्र बदललेला नाही, आणि माळावर वृक्षलागवडीसाठी दरवर्षी खड्डे पडतात. 45 सेंटिमीटरचा खड्डा मुरमात जातो, पावसात पाणी तुंबून मुळे कुजतात, तगलेले रोप मार्च-एप्रिलात वाळते. खड्ड्याभोवती उपसलेल्या मुरमाखाली शेडा-पवन्यासारखे चाऱ्याचे गवत दबते, उघड्या जमिनीवरून माती वाहते आणि जागा कुसळीला, म्हणजे टोचऱ्या कुसळांच्या गवताला, मिळते. जास्त चराईतही हाच क्रम: आधी शेडा-मारवेल घटते, मग कुसळी वाढते, शेवटी जनावर तोंडही लावत नाही अशी एकहंगामी गवते उरतात. खड्डे घेण्याआधी त्याच माळावर ऑक्टोबरात 20 चौकटी टाकल्या तर तो या क्रमात कुठे आहे ते कळते. शेडा-मारवेल टिकून असेल तर पावसाळाभर चराई बंद ठेवावी, आणि गवत बी धरल्यावर, जमिनीपासून थोडे खोड राखून, कापावे.