सजावटीची पाकिटं (घरगुती, कोकण)

घरच्या घरी कागद कापून, दुमडून, चिकटवून आणि वरून रंगवून केलेली पाकिटं. कोकणात ती लागतात आहेराला, बारशाला, भटजींच्या दक्षिणेला, भाऊबीजेच्या ओवाळणीला, आणि श्रावणात मुंबईच्या भावाला राखी पाठवायला. दुकानात तयार मिळतात पण ती बहुतेक सोनेरी छापाची, सगळी एकसारखी. घरचं पाकीट आहेराच्या ढिगात सुद्धा कुणाचं ते लगेच ओळखू येतं.

माप नोटेवरून धरायचं. सध्याची 500 ची नोट 150 × 66 मिमी आहे, ती 18 × 9 सेंमीच्या पाकिटात न दुमडता आरामात बसते, आणि हे पाकीट एका ए-फोर कागदात (21 × 29.7 सेंमी) होतं. कागद उभा ठेवून वरून 3.5 सेंमी झाकणाला, मग 9 पुढच्या बाजूला, मग 8.5 मागच्या बाजूला, आणि दोन्ही कडांच्या दीड-दीड सेंमी पट्ट्या फक्त मधल्या भागाला (आत दुमडून त्यांवर मागची बाजू चिकटवायला) ठेवून बाकीच्या कापून टाकायच्या. खाली उरतो तो तुकडा नक्षी कापायला ठेवा. घडीच्या रेघेवर आधी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने दाब द्यायचा, मग दुमडून शिंपल्याच्या पाठीने घासायचं, घडी एकदम धारदार बसते.

पाकीट टिकणार की नाही हे मात्र इकडे हवा ठरवते. जून ते सप्टेंबर कागद मऊ पडतो, कडा वळतात, आणि झाकणाला आधीच गोंद लावून ठेवलात तर दमटपणाने ती आपोआप चिकटून पाकिटं वाया जातात. म्हणून झाकणाला गोंद लावूच नये, मागच्या बाजूला आडवी चीर देऊन टोक त्यात खोचायचं, दिसतंही छान. मैद्याची खळ स्वस्त पडते: 1 वाटी मैदा, 5 वाट्या पाणी, गुठळ्या थंड पाण्यातच मोडायच्या आणि मग मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळत राहायचं. पण पावसात तिला लगेच बुरशी येते, झुरळं आणि कागद खाणारी कसर तर टपलेलीच असतात. पूर्वी त्यासाठी खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचे, तो विषारी आहे, मुलं चिकटवायला बसणार असतील तर अजिबात नको, त्यापेक्षा फेव्हिकॉलचा पातळ हात बरा. चिकटवलेली पाकिटं रद्दीत घालून रात्रभर पाटाखाली ठेवायची, पाटावर वरवंटा.

नक्षीला इथे काय कमी नाही. भेंडी आडवी कापून तिचा ठसा, किंवा पावसात गडग्यावर (दगडी कुंपणावर) उगवणारा नेचा कागदावर ठेवून टूथब्रशने रंग उडवायचा, नेचा उचलला की पानाचा आकार पांढरा राहतो (ब्रशवर रंग अगदी थोडा घ्या, नाहीतर थेंब पडतात). गेरूच्या रंगावर पांढरी वारली चित्रं डहाणू-तलासरीकडची, कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवून गोष्ट सांगायची कला), सावंतवाडीची गंजिफा. गंजिफाचे पत्ते गोल असतात, दशावतारी संचात 10 अवतारांचे प्रत्येकी 12 असे 120, आणि तशी गोल चकती कापून झाकणाच्या टोकावर लावली की पाकीट खुलतं. सुरंगीच्या दिवसात, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्चला, सुकलेली दोन-चार फुलं आत टाकतात, वास बरेच दिवस राहतो. ओवळीचीही (बकुळीची) चालतात.

राखीच्या पाकिटाचं वेगळं आहे कारण ते भर पावसात टपालातून जातं. पोस्टात राखीसाठी पाणी न शिरणारी पाकिटं मिळतात, पण घरचंच पाठवायचं तर राखी आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालावी, पत्ता बॉलपेनने लिहावा, जेलपेन फुटतं, आणि वरून पांढरी मेणबत्ती घासावी. टिकल्या, मणी, आहेराच्या पाकिटावरचा रुपया हे सगळं हातोहात द्यायच्या पाकिटापुरतंच ठेवावं, टपालात उंचवट्यावर शिक्का नीट उमटत नाही आणि चिकटवलेलं निघून पडतं.