ऱ्होना मार्टिन

ऱ्होना मार्टिन (जन्म १२ ऑक्टोबर १९६६) या स्कॉटलंडच्या कर्लिंगपटू आणि प्रशिक्षक. २००२च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटनच्या महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. पुढे त्या ऱ्होना हाउई या नावानेही ओळखल्या जाऊ लागल्या. खेळाडू म्हणून त्यांचे नाव घेतले की अंतिम सामन्यातला शेवटचा दगड आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण प्रशिक्षक म्हणून त्यांनी पुढच्या पिढीसाठी केलेले काम या एका दगडामागे झाकले जाते, म्हणून इथे दोन्ही सांगायला हवे.

कर्लिंग हा मूळचा स्कॉटलंडचा खेळ. पेझली येथील मठाच्या १५४१च्या नोंदीत बर्फावर दगड सरकवण्याच्या चढाओढीचा उल्लेख सापडतो. १८३८ मध्ये एडिंबरोत स्थापन झालेल्या क्लबने त्याचे नियम एकसारखे केले. मार्टिन ज्या एअरशर भागातल्या, त्या भागाशी या खेळाचे नाते फार जवळचे आहे. त्याच किनाऱ्यासमोर समुद्रात एल्सा क्रेग नावाचे छोटे खडकाळ बेट आहे. तिथला ग्रॅनाइट अतिशय घट्ट विणीचा असतो, पाणी शोषत नाही आणि टक्कर बसली तरी सहसा त्याचा टवका उडत नाही. ऑलिंपिकमध्ये आज वापरले जाणारे दगड याच बेटावरच्या ग्रॅनाइटचे असतात आणि एअरशरमधल्याच मॉखलिन गावात ते घडवले जातात. मार्टिन यांचे डनलॉप हे गावही याच परिसरातले.

खेळ थोडक्यात असा. सुमारे ४५ मीटर लांबीच्या बर्फाच्या पट्टीच्या टोकाला एकात एक वर्तुळे रंगवलेली असतात, त्यांना हाऊस म्हणतात. प्रत्येक संघात चार खेळाडू, प्रत्येकाचे दोन दगड. एका डावात दोन्ही संघांचे मिळून सोळा दगड खेळले जातात. डाव संपल्यावर ज्या संघाचा दगड वर्तुळांच्या केंद्राला सर्वांत जवळ, त्याच संघाला गुण. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षाही आत असलेले आपले जितके दगड, तितके गुण. दगडाचे वजन जास्तीत जास्त १९.९६ किलो असते. पट्टी गुळगुळीत नसते, कारण खेळाआधी तिच्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून ते गोठवतात आणि पृष्ठभाग खडबडीत करतात. दगडाचा तळ मध्ये खोलगट असतो, बर्फाला टेकते ती फक्त एक अरुंद कड. सोडताना मुठीला हलकासा पीळ दिला की दगड पुढे जाता जाता एका बाजूला वळतो. त्याच्यापुढे दोन खेळाडू ब्रशने बर्फ घासत धावतात. घासल्याने दगड थोडा लांब जातो आणि कमी वळतो. कोणता दगड कुठे हवा आणि केव्हा घासायचे, हे ठरवणारी म्हणजे स्किप. मार्टिन स्किप होत्या.

ऑलिंपिकआधी त्यांची कारकीर्द चांगली होती, पण डोळे दिपवणारी नव्हती. १९९८च्या युरोपियन स्पर्धेत रौप्यपदक, २००० मध्ये ग्लासगोला झालेल्या जागतिक स्पर्धेत चौथा क्रमांक. सॉल्ट लेकला निघण्याच्या सुमारास पोटाच्या दुखण्यामुळे त्यांना रुग्णालयात राहावे लागले. संघात त्यांच्यासोबत डेबी नॉक्स, फियोना मॅकडोनाल्ड, जॅनिस रँकिन आणि राखीव खेळाडू मार्गारेट मॉर्टन होत्या. ब्रिटनच्या या संघातल्या सगळ्याजणी स्कॉटिश होत्या.

कर्लिंगचे सामने ऑग्डेन शहरात झाले. साखळी फेरीत ब्रिटनला नऊपैकी पाचच सामने जिंकता आले. शेवटचे दोन सामने हरल्यावर संघाचे नशीब दुसऱ्यांच्या हातात गेले, आणि स्वित्झर्लंडने जर्मनीला हरवले तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तरीही वाट सोपी झाली नाही. स्वीडन आणि जर्मनी या दोघांशी बरोबरी झाल्याने टाय-ब्रेकर खेळावे लागले. ते दोन्ही जिंकून संघ उपांत्य फेरीत पोचला तो थेट केली लॉ यांच्या कॅनडासमोर. साखळीत एकच सामना गमावलेला हा संघ सुवर्णपदकाचा मोठा दावेदार होता. ब्रिटनने तो सामना ६-५ असा जिंकला.

अंतिम सामना २१ फेब्रुवारीला स्वित्झर्लंडशी झाला, म्हणजे ज्यांच्या विजयामुळे ब्रिटन स्पर्धेत टिकले त्यांच्याशीच. स्विस संघाच्या स्किप लुझिया एब्नोटर होत्या. नऊ डाव संपले तेव्हा गुणफलक ३-३ होता. दहाव्या डावातला शेवटचा दगड ब्रिटनचा, म्हणजे मार्टिन यांचा होता. केंद्राजवळ स्विस दगड बसला होता. त्याला धक्का देऊन मागे सरकवायचे आणि आपला दगड मात्र तिथेच राहू द्यायचा, अशी ती खेळी होती. जोर थोडा जास्त झाला तर दोन्ही दगड वाहून जाणार, कमी पडला तर स्विस दगड जागचा हलणार नाही. हाऊसमध्ये नॉक्स ब्रश धरून नेम दाखवत उभ्या होत्या. मार्टिन यांनी दगड सोडला. मॅकडोनाल्ड आणि रँकिन त्याच्यासोबत निघाल्या. अशा दगडाला टोक गाठायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. एकदा हातातून सुटला की स्किपला फक्त ओरडून सांगता येते, घासा किंवा थांबा, एवढेच. दगड वळत आत आला, स्विस दगडाला लागला, तो मागे सरकला आणि मार्टिन यांचा दगड तिथेच थांबला. ४-३.

स्कॉटलंडमध्ये तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. तरीही ब्रिटनमध्ये पन्नास लाखांहून अधिक लोक दूरचित्रवाणीपुढे जागे होते. १९८४ नंतर हिवाळी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला मिळालेले हे पहिले सुवर्ण होते. वृत्तपत्रांनी त्या दगडाला ‘स्टोन ऑफ डेस्टिनी’ म्हटले. हे नाव मुळात स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाच्या दगडाचे. १२९६ मध्ये इंग्लंडच्या राजाने तो उचलून नेला आणि सातशे वर्षांनी, १९९६ मध्ये, तो स्कॉटलंडला परत आला. मायदेशी परतलेल्या त्या दगडाची आठवण लोकांच्या मनात ताजी होती, म्हणूनच हे नाव लगेच रुळले. संघातल्या खेळाडूंना एमबीई हा सन्मान मिळाला.

२००६ च्या तुरीन ऑलिंपिकमध्येही मार्टिन स्किप होत्या, पण ब्रिटन पाचव्या स्थानावर राहिले. त्यानंतर त्या प्रशिक्षणाकडे वळल्या. कर्लिंगमध्ये प्रशिक्षक पट्टीच्या टोकाशी बाकावर बसून असतात. सामना चालू असताना त्यांना खेळाडूंशी मनाला येईल तेव्हा बोलता येत नाही. पाचव्या डावानंतरची विश्रांती आणि टाइमआउट, इतकीच मुभा. वर्षानुवर्षे प्रत्येक दगडाचा निर्णय स्वतः घेतलेल्या स्किपसाठी हे गप्प बसणे किती अवघड असेल, हे कर्लिंग खेळलेल्यालाच पुरते कळेल. खरे काम त्याआधी, सरावात झालेले असावे लागते.

त्यांच्या प्रशिक्षणाच्या काळात स्कॉटिश महिला कर्लिंगची धुरा ईव्ह म्युअरहेड यांच्याकडे होती. ऑग्डेनचा सामना झाला तेव्हा म्युअरहेड अकरा वर्षांच्या होत्या. २०१३ मध्ये रिगा येथे त्यांनी अ‍ॅना स्लोन, विकी अ‍ॅडम्स आणि क्लेअर हॅमिल्टन यांच्यासह स्वीडनला ६-५ असे हरवून जगज्जेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी सोची ऑलिंपिकमध्ये याच संघाने ब्रिटनला कांस्यपदक मिळवून दिले. प्रशिक्षकांच्या चमूत मार्टिन होत्या. उपांत्य फेरीत कॅनडाकडून हार झाली आणि कांस्यपदकाच्या सामन्यात समोर आले स्वित्झर्लंड. त्यांच्या स्किप मिरियम ओट या २००२ च्या स्विस संघातही खेळल्या होत्या. बारा वर्षांपूर्वी मार्टिन यांचा दगड येताना ज्यांनी पाहिला होता, त्याच ओट आता पट्टीवर होत्या आणि मार्टिन बाजूला बसून होत्या. हा सामनाही एका गुणाने सुटला, ६-५. खेळाडू म्हणून सुवर्ण आणि प्रशिक्षक म्हणून कांस्य, दोन्ही वेळा स्विस संघाला एकाच गुणाने हरवून मिळाले.

त्याच २०१४ मध्ये एक वाईट घटनाही घडली. डम्फ्रीस येथील संग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी ठेवलेले मार्टिन यांचे सुवर्णपदक चोरीला गेले. असे पदक घरात कुलूपबंद ठेवणे सोपे असते. लोकांनी ते जवळून पाहावे म्हणून संग्रहालयाला द्यायला मन मोठे लागते, त्यामुळे ही चोरी जास्तच जिव्हारी लागते.

म्युअरहेड यांना सुवर्णासाठी आणखी आठ वर्षे थांबावे लागले. २०१८ मध्ये प्योंगचांग येथे शेवटचा दगड चुकला आणि कांस्यपदक जपानकडे गेले. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या कर्लिंगचे मुख्य प्रशिक्षक डेव्हिड मर्डॉक होते. तेही स्कॉटिश स्किप, २००६ आणि २००९ चे जगज्जेते आणि सोचीतले रौप्यपदक विजेते. खेळाडू म्हणून त्यांना न मिळालेले ऑलिंपिक सुवर्ण म्युअरहेड यांच्या संघाने २० फेब्रुवारीला जिंकले, ऑग्डेननंतर वीस वर्षांनी. जपानविरुद्धचा तो अंतिम सामना १०-३ असा सुटला. दहावा डाव खेळण्याची वेळच आली नाही.