नदी बुशविलो

(कॉम्ब्रेटम एरिथ्रोफायलम, कुल – कॉम्ब्रेटेसी). आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात नद्या-ओढ्यांच्या काठाने वाढणारा पानझडी वृक्ष. आफ्रिकान्स भाषेत त्याला ‘फादरलांट्सविल्ख’ व झुलू भाषेत ‘उमडुबु’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेच्या देशी वृक्षांच्या राष्ट्रीय यादीत त्याचा क्रमांक 536 आहे. नावात ‘विलो’ असला तरी वाळुंजाच्या (सॅलिक्स) कुलाशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडचे अर्जुन, ऐन, हिरडा, बेहडा व धावडा हे त्याचे कुलबांधव होत. कोकणातील उक्षीही याच कुलातली. फाटकावर चढवलेली मधुमालती तर पूर्वीच्या क्विस्क्वॅलिस वंशातून काढून आता थेट कॉम्ब्रेटम वंशातच घातली जाते.

दक्षिण आफ्रिका, एस्वातिनी, बोत्स्वाना, झिंबाब्वे व मोझांबिक या देशांत हा वृक्ष आढळतो. लिंपोपो, व्हाल व ऑरेंज या नद्यांच्या खोऱ्यांत त्याचे काठाकाठाने पट्टे असतात. पाण्याजवळ वाढणारा असूनही कोरडी हवा व हिमतुषार दोन्ही सोसत असल्यामुळे जोहान्सबर्ग-प्रिटोरियाच्या उंच पठारावर तो रस्त्याकडेला व बागांतही लावतात.

नामकरण व वर्गीकरण : विल्यम बर्चेल या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने 1811 च्या सुमारास ऑरेंज व व्हाल नद्यांच्या परिसरात केलेल्या प्रवासात हा वृक्ष पाहिला आणि 1822 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात टर्मिनॅलिया एरिथ्रोफायला या नावाने त्याची नोंद केली. म्हणजे त्याने तो अर्जुन-हिरड्याच्या वंशात घातला होता. हॅम्बुर्गचे औषधनिर्माते व वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो झोंडर यांनी 1850 मध्ये त्याला कॉम्ब्रेटम वंशात नेले आणि तेच नाव पुढे रूढ झाले. आफ्रिकेत हे दोन वंश सहसा फळावरूनच ओळखू येतात : टर्मिनॅलियाचे फळ चपटे व दोन पंखांचे, तर कॉम्ब्रेटमचे चार, क्वचित पाच पंखांचे. भारतीय वाचकाला मात्र ही कसोटी पुरत नाही, कारण अर्जुन व ऐन हे टर्मिनॅलियाच असून त्यांची फळे पाच पंखांची असतात. त्यापेक्षा पानांची मांडणी व पाकळ्या पाहाव्यात. कॉम्ब्रेटमची पाने बहुधा समोरासमोर येतात व फुलांना बारीक पाकळ्या असतात. टर्मिनॅलियात पाकळ्या नसतात आणि पाने अनेकदा फांदीच्या टोकाशी दाटीने येतात.

पंखांच्या फळांनी आणखी एक घोटाळा केलेला दिसतो. ईस्टर्न केप प्रांतातील केप बुशविलो या अगदी जवळच्या जातीला एकलोन व झायहर या संग्राहकांनी 1830 च्या दशकात डोडोनिया वंशात, म्हणजे रिठ्याच्या कुलात, घातले होते. डोडोनियाची फळेही पंखयुक्त असतात, हे त्याचे कारण असावे. ओटो कुंट्झे यांनी 1898 मध्ये ती जात कॉम्ब्रेटम कॅफ्रम म्हणून मांडली. या नावातील ‘कॅफ्र’ हा घटक दक्षिण आफ्रिकेत अपमानास्पद मानला जातो. 2024 मध्ये माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत अशी सर्व जातिनामे ‘अफ्र’ या रूपात बदलण्याचा ठराव झाला, त्यामुळे जुन्या ग्रंथांतील कॅफ्रम व नव्या याद्यांतील अफ्रम ही एकच जात समजावी.

नदी बुशविलो व केप बुशविलो या खरोखर दोन जाती आहेत का, असा प्रश्न वेळोवेळी विचारला गेला आहे. केप जातीची पाने अधिक अरुंद असतात व तिचा आढळ दक्षिणेकडे मर्यादित आहे. परंतु पानांची रुंदी हे फसवे लक्षण आहे. बहुतेक वर्गीकरणकार दोन्ही जाती वेगळ्या, पण अँगुस्टिमार्जिनाटा या एकाच उपविभागात ठेवतात आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. याच उपविभागातील वन बुशविलोच्या (कॉम्ब्रेटम क्राउसी) बाबतीत उलट झाले : वुडी व नेल्सोनी या नावांनी वेगळ्या केलेल्या जाती अनेक लेखक आता तिच्यातच सामावून घेतात. वंशाची मुख्य विभागणी पानांवरील सूक्ष्म खवल्यांवर बेतलेली आहे. ए. डब्ल्यू. एक्सेल व क्लाइव्ह स्टेस यांनी विसाव्या शतकात तिचा पाया घातला. खवले असलेला तो कॉम्ब्रेटम उपवंश व देठयुक्त ग्रंथी असलेला तो काकूशिया उपवंश. ऑलिव्हिए मोराँ व सहकाऱ्यांनी 2010 मध्ये डीएनएच्या आधारे केलेल्या अभ्यासाने ही विभागणी मोडीत काढली नाही, हे विशेष.

वर्णन : उंची बहुधा 8–12 मी. खोड अनेकदा बुंध्यापासूनच फुटलेले, गाठीगाठींचे. साल फिकट, पातळ ढलप्यांनी सुटणारी व त्यामुळे ठिपकेदार दिसणारी. पाने साधी, लंबगोल, टोकदार, सुमारे 5–10 सेंमी. लांब, कोवळी असताना पिवळसर व चकचकीत. मागील बाजूस शिरांच्या बेचक्यांत केसांचे बारीक पुंजके दिसतात. पानगळीपूर्वी पाने पिवळी, तांबडी, कधी जांभळट होतात. हा देखावा तिथल्या शरदात, म्हणजे आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात दिसतो. फुले फिकट हिरवट पिवळी, सुवासिक, पानांच्या बेचक्यांत दाट गुच्छांनी सप्टेंबर-नोव्हेंबरमध्ये येतात. फळ 1–1.5 सेंमी., चार कागदी पंखांचे, एकबीजी.

बी व त्याची पारख : या वृक्षाची रोपे करणे सोपे समजतात, आणि माती, पाणी व ऊन यांपुरते ते खरेही आहे. अडचण फळातच असते. कॉम्ब्रेटम वंशातील पुष्कळ जातींत फुलोऱ्याच्या वा कोवळ्या फळाच्या अवस्थेतच कीटक आत अंडी घालतात व अळी बी खाऊन टाकते. नदी बुशविलोही याला अपवाद नाही. वरून फळ धडधाकट, पंख शाबूत, आणि आत नुसता भुसा अशी स्थिती सर्रास आढळते. पेरलेले उगवत नाही तेव्हा दोष बियांच्या सुप्तावस्थेला दिला जातो व त्यावर गरम पाणी, आम्ल, घासणे असे उपाय सुचवले जातात. ताज्या, निरोगी बियांना यांतल्या कशाचीही फारशी गरज पडत नाही. म्हणून बियाण्याचा ढीग पेरण्यापूर्वी त्यातली मूठभर फळे पात्याने आडवी कापून पाहावीत. आतला गर पांढरट, भरीव व ओलसर असेल तर ढीग चांगला. पोकळी, काळी भुकटी किंवा वाटोळे छिद्र दिसले तर फळे दुसऱ्या झाडावरून आणावीत. एकाच नदीकाठच्या दोन झाडांच्या फळांतही पुष्कळ फरक पडू शकतो.

फळे तपकिरी झाली, पण अजून फांदीवर आहेत, अशा वेळी काढणे उत्तम. जमिनीवर पडून राहिलेल्या फळांत किडीचे प्रमाण वाढते व बीही जुने होते. फार काळ साठवण टाळावी. पानगळीच्या सुमारास गोळा केलेली फळे तिथली थंडी सरताच, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात पेरतात. पंख कुस्करून काढले की फळ वाळूत नीट बसते, एवढाच त्याचा उपयोग.

पेरणी : पसरट ट्रेमध्ये नदीची धुतलेली वाळू, किंवा वाळू व चाळलेले कुजखत यांचे वाळू जास्त असलेले मिश्रण भरावे. फळे त्यात आडवी दाबून वर जेमतेम झाकतील एवढी वाळू पसरावी. झारीने हलके पाणी द्यावे. वाळू ओली राहिली पाहिजे, चिखल होता कामा नये. ऊबदार जागी सुमारे दोन-तीन आठवड्यांत उगवण दिसू लागते. मात्र ती एकदम न होता टप्प्याटप्प्याने होते.

अंकुरणाच्या पद्धतीकडे वर्गीकरणकारांनी रोपवाटिकावाल्यांपेक्षा अधिक लक्ष दिले आहे. कॉम्ब्रेटम वंशात दलिका (बीजपत्रे) दोन तऱ्हांनी वर येतात. एका गटात त्या नेहमीप्रमाणे जमिनीच्या वर, छोट्या खोडावर येतात. दुसऱ्या गटात दलिकांचे लांब देठ जमिनीखालून निघतात व एकमेकांना चिकटून नळीसारखे होतात. पाती तेवढी वर उघडतात आणि खरा शेंडा काही काळ मातीतच राहतो. मखमली बुशविलो (कॉम्ब्रेटम मोले) व कॉम्ब्रेटम कॉलिनम ही दुसऱ्या गटाची उदाहरणे. दोन्ही गवताळ रानांतल्या जाती आहेत. वणव्यापासून शेंड्याचे रक्षण हा या रचनेचा हेतू असावा, असे काही अभ्यासक मानतात. नदीकाठच्या जातींना वणव्याची धग कमी लागते हे त्या मताला पोषक आहे. पण तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. नदी बुशविलोच्या दलिका जमिनीच्या वर येतात, असेच वर्णन ग्रंथांत आढळते. याचा व्यवहारात परिणाम असा की त्याची रोपे दोन खरी पाने फुटताच उचलता येतात. मोले जातीच्या रोपात जे खोड वाटते ते दलिकांचे देठ असते. ते धरून उपटल्यास शेंडा मातीतच तुटतो. म्हणून तिचे बी सरळ पिशवीत टोचलेले बरे.

उचललेली रोपे पोयटा, वाळू व कुजलेले खत यांच्या मिश्रणाने भरलेल्या खोल पिशव्यांत लावावीत. मुळे भराभर खाली जातात; पिशवी उथळ असल्यास तळाशी वेटोळी होतात व पुढे झाड वाऱ्याने कलते. आठवडाभर सावली, नंतर हळूहळू पूर्ण ऊन.

छाट कलमे : फांद्यांच्या तुकड्यांपासूनही रोपे होतात व बोन्साय करणारे ही रीत पसंत करतात, कारण जाड गाठाळ बुंधा लवकर मिळतो. सरकारी वा नगरपालिकेच्या मोठ्या लागवडीसाठी मात्र बियांची रोपेच बरी. ती स्वस्त पडतात, मुळे खोल जातात आणि एकाच झाडाच्या नकला काठभर लागत नाहीत.

लागवड व निगा : वाढ जलद, पाणी मिळाल्यास वर्षाला सुमारे 1 मी. खोल, गाळाची जमीन मानवते. पहिली एक-दोन वर्षे पाणी नियमित द्यावे व कडाक्याच्या थंडीत रोपे झाकावीत. जुने झाड दोन्हींशिवाय निभावते. मोकळे सोडल्यास झाड झुडपासारखे अनेक खोडांचे होते. नदीकाठची माती धरून ठेवायला ते रूप उत्तम, रस्त्याकडेला गैरसोयीचे. तिथे लहानपणीच एक शेंडा राखून बाजूचे फुटवे काढतात. व्हालसारख्या नद्यांच्या काठी वसाहतकाळापासून विदेशी विलो लावले गेले. त्यांच्या जागी हा वृक्ष लावण्याकडे अलीकडे कल आहे.

उपयोग : लाकूड पिवळसर व चिवट, त्याची उखळे व गुरांसाठी द्रोणी करत. कोवळ्या फांद्यांच्या टोपल्या विणतात. खाचांतून पाझरणारा डिंक न तडकणारा असून त्याचे रोगण होते. मुळे लोकवैद्यकात रेचक म्हणून दिली जात, पण ती विषारी आहेत. बियाही विषारी समजल्या जातात व खाल्ल्यास उचक्या लागतात असे म्हणतात. लहान मुले वा शेळ्या असतील तिथे पडलेली फळे झाडून टाकणे इष्ट. केप बुशविलोतून ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या जॉर्ज पेटिट यांच्या गटाने 1980 च्या दशकात कॉम्ब्रेटास्टॅटिन ही संयुगे वेगळी केली. अर्बुदांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांवर त्यांचा परिणाम होतो. त्यांवरून तयार केलेल्या औषधांच्या चाचण्याही झाल्या. हे संशोधन पुष्कळदा नदी बुशविलोच्या नावावर सांगितले जाते, ते बरोबर नाही.

इतर जाती : वन बुशविलोची वसंतातील कोवळी पाने जवळजवळ पांढरी असतात, अर्धवट सावली व ओल त्याला मानवते. लेडवुड (कॉम्ब्रेटम इम्बर्बे) अत्यंत सावकाश वाढते. त्याचे लाकूड पाण्यात बुडते, आणि रेडिओकार्बन पद्धतीने काही नमुन्यांचे वय सुमारे हजार वर्षे ठरले आहे. दक्षिण आफ्रिकेत ते कायद्याने संरक्षित आहे. लाल फुलांची वेल कॉम्ब्रेटम मायक्रोफायलम ताज्या बियांपासून होते व तिला भक्कम आधार लागतो.