मंगळावरील रस्ते

मंगळ ग्रहावर वाहनांच्या नियमित ये-जेसाठी जमीन साफ करून, दाबून किंवा बांधून तयार करावयाचा मार्ग. असा एकही रस्ता तेथे अद्याप झालेला नाही. तरी त्याची गरज तेथे फिरलेल्या यांत्रिक गाड्यांच्या अनुभवावरून स्पष्ट होते. ऑपर्च्युनिटी २००५ मध्ये वाळूच्या एका लाटेत कित्येक आठवडे अडकून पडली, स्पिरिट २००९ मध्ये मऊ मातीत कायमची रुतली, आणि क्युरिऑसिटीच्या अॅल्युमिनियमच्या चाकांना टोकदार दगडांनी भोके पाडली. पर्सिव्हरन्सचा सपाट, कठीण जमिनीवरील कमाल वेगही ताशी सुमारे १५० मीटरच आहे.

कोकणातील वाचकाला या विषयाचा काही भाग ओळखीचा वाटेल. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभा आणि मंगळावरील धूळ या दोहोंचा तांबूस रंग लोहाच्या ऑक्साइडांमुळे आलेला आहे, आणि मंगळाचे कवचही सह्याद्रीप्रमाणे मुख्यतः बेसाल्टचे आहे. जांभा मात्र उष्ण हवामानात, भरपूर पावसाने खडक झिजून बनतो. त्यामुळे केवळ रंगावरून मंगळाची माती जांभ्यासारखी मानणे चूक ठरेल. घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. वाड्यांना जोडणाऱ्या पाखाड्या (दगडी पायवाटा) जवळच्याच खाणीतील चिऱ्यांनी बांधल्या गेल्या, आणि मंगळावरही जागेवरच्या मालाखेरीज गत्यंतर नाही, कारण पृथ्वीवरून खडी वा डांबर नेणे परवडणारे नाही.

खरी अडचण दबाईची आहे. आपल्याकडे मुरूम पसरून, त्यावर पाणी मारून रोलर फिरवला जातो. मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी असल्याने उघड्यावर पाणी द्रवरूपात टिकत नाही, आणि गुरुत्वाकर्षण सुमारे ३८ टक्केच असल्याने त्याच रोलरचा भार निम्म्याहून कमी पडतो. म्हणून तेथे कोरडी माती कंप देणाऱ्या यंत्राने दाबावी लागेल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २०१७ मध्ये मंगळासारख्या कृत्रिम मातीच्या, कोणताही बंधक (माती सांधणारा पदार्थ) न घालता, केवळ दाबाने विटा तयार केल्या. भारतीय विज्ञान संस्था आणि इस्रो यांच्या संशोधकांनी २०२२ मध्ये तशाच मातीच्या विटा जिवाणू, युरिया व गवार डिंक वापरून घडवल्या. वितळलेल्या गंधकाने माती सांधण्याचा पर्यायही अभ्यासला गेला आहे. माती भाजून घट्ट करण्यास मोठी ऊर्जा लागते, म्हणून ती पद्धत लांब रस्त्यांपेक्षा यान उतरण्याच्या फरसबंदीला अधिक योग्य वाटते. अशी फरसबंदी अत्यावश्यक आहे, कारण उतरत्या यानाचा झोत खडे भिरकावतो. २०१२ मध्ये क्युरिऑसिटीचा एक वारामापक बहुधा याच कारणाने निकामी झाला.

कोकणात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडत असल्याने गटारे, मोऱ्या आणि घाटातील दरडी हाच रस्त्याच्या चिंतेचा मोठा भाग असतो. मंगळावर पावसाची ही चिंता नाही. तेथील देखभाल म्हणजे सरकती वाळू व बारीक धूळ सतत बाजूला करणे आणि दिवस-रात्रीच्या ७०-८० अंश सेल्सियसच्या फरकाने पडणाऱ्या भेगा बुजवणे.

वापराचे नियमही बदलतील. वजन घटले तरी वाहनाचे वस्तुमान तेवढेच राहते; म्हणून घर्षणांक समान धरल्यास त्याच वेगात ब्रेक लावल्यावर वाहन सुमारे अडीच पटींहून अधिक अंतरावर थांबेल, आणि सपाट वळणावरील सुरक्षित वेग पृथ्वीवरील वेगाच्या सुमारे ६० टक्क्यांवर येईल. त्यामुळे तेथील वळणे मोठ्या त्रिज्येची आणि बाहेरच्या कडेला उचललेली ठेवावी लागतील.